बाबांना बार बघायचा होता

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मागे ग्लासांचा खणखणाट, मध्येच तुझं "एक मिनिट हं", आणि ते मिनिट संपतं दुसऱ्या दिवशी. मला जे सांगायचंय ते मध्येच तुटलं तर सगळंच फसेल. म्हणून लिहितेय. उभ्या उभ्या वाचू नकोस, कुठेतरी टेक आणि वाच.

तर बातमी अशी, की बाबा माझ्याकडे येऊन गेले. एकटे. आई मावशीकडे राहायला गेली आणि हे इकडे बसमध्ये चढले. ज्या माणसाला आईने हातात दिल्याशिवाय स्वतःचा मोजा सापडत नाही, तो पिशवीत दोन पाव, एक टॉवेल आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन माझ्या वसतिगृहाच्या दारात उभा. मला आधी वाटलं, काहीतरी वाईट झालंय. "काही नाही, आलो सहज," म्हणाले. आपले बाबा आणि सहज! आल्या आल्या त्यांनी माझ्या खोलीतला गळका नळ दुरुस्त केला, मग शेजारणींच्या खोलीतला, मग मजल्यावर दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खुर्चीत बसून राहिले. बेकरी सोडून वर्ष होत आलं, तरी त्यांची झोप अजून रात्रपाळीतच आहे. दुपारी डोळा लागतो, आणि जग झोपलं की हे वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत टक्क जागे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वह्या आवरत होते, तर खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुमची कॉलेजची मुलं रात्री जातात ती जागा कुठेशी आहे?" म्हटलं, चोरी पकडली गेली. मी अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाले, "कुठली जागा, वाचनालय का?" तर म्हणाले, "वाचनालय बघितलंय मी. बार म्हणतोय. मला एकदा आतून बघायचाय."

काय सांगू तुला, मला हसावं की पळावं ते कळेना. माझ्या खोलीतली मैत्रीण, जिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो कारण ती कायदा शिकते आणि जेवतानासुद्धा युक्तिवाद करते, ती आनंदाने उडालीच. "काका, आज स्वस्तातला वार आहे. अख्खं कॉलेज येतं. चला." बाबांनी पिशवीतला इस्त्रीचा शर्ट काढून घातला, केसांना पाणी लावलं, आणि आम्ही निघालो. वाटेत एकदा थांबून त्यांनी मला विचारलं, "तिथे चपला बाहेर काढायच्या असतात का?" वकिलीणबाईने अगदी गंभीरपणे सांगितलं की नाही काका, उलट घट्ट घाला, जमीन चिकट असते.

आमच्या बारला सगळे तळघर म्हणतात, कारण ते तळघरच आहे. कपडे धुण्याच्या दुकानाच्या खाली. जिना उतरताना एका बाजूने साबणाचा वास येतो आणि दुसऱ्या बाजूने सांडलेल्या बिअरचा. खाली ठेंगणं छत, मोडक्या शाळेतून आणावेत तसे बाक, प्लॅस्टिकचे ग्लास, आणि टोकाला नाचायची जागा. तिथे एक लाल दिवा आणि एक निळा, आणि निळा मधूनमधून रुसतो. दारावरची मुलगी सगळ्यांची ओळखपत्रं तपासून मनगटावर शिक्का मारते. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "काका कुठल्या वर्षाला?" बाबा म्हणाले, "शेवटच्या." तिने हसत शिक्का मारला. बाबा विनोद करतात, हे मला त्या जिन्यावर कळलं.

मला वाटलं होतं, ते एकदा मान वळवून बघतील, आवाजाने वैतागतील आणि चल म्हणतील. पण ते सरळ काउंटरपाशी गेले, कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर कसेबसे चढून बसले आणि लिंबू सोडा मागितला. (माझ्या हातात काय होतं ते विचारू नकोस.) आत जो बारवाला असतो त्याला सगळे लंबू म्हणतात. तुझ्याच वयाचा, खांद्यावर फडकं, एकाच वेळी चौघांचं ऐकणारा. मी मैत्रिणींबरोबर नाचायला गेले, पण डोळा बाबांवरच. थोड्या वेळाने बघते तर दोघे बोलतायत. म्हणजे बाबा विचारतायत आणि तो ग्लास विसळता विसळता उत्तरं देतोय. मला धडकीच भरली. म्हटलं, आता त्याला व्याख्यान मिळणार. मी जवळ जाऊन उभी राहिले.

बाबा विचारत होते, "जेवतोस कधी?" तो म्हणाला, "सगळं आवरलं की. पहाटेकडे." "गरम?" तो हसला, "गरम कुठलं, काका." "आणि पाय?" तो म्हणाला, पायांचं तर विचारूच नका. तर बाबा त्याला सांगायला लागले, की बुटात दोन मोजे घाल, आणि घरी गेलास की आधी पाय भिंतीला लावून पड, मग जेव. भट्टीपुढे उभं राहून राहून शिकलोय म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरी कोण आहे. तो म्हणाला, "आई. मी जातो तेव्हा ती झोपलेली असते, ती उठते तेव्हा मी झोपतो. चिठ्ठ्यांवर चाललंय आमचं." बाबा ग्लासातली नळी फिरवत राहिले. आणि मग त्यांनी विचारलं, "लोक अंगावर येतात का रे कधी?"

दादा, तोपर्यंत माझ्या काहीच लक्षात आलं नव्हतं. या प्रश्नाला मात्र त्यांचा आवाज जरा वेगळा लागला, आणि मला कळलं की ते लंबूशी बोलतच नाहीयेत.

लंबू म्हणाला, "रोज नाही. पण येतात." आणि नेमकं त्याच रात्री तसं झालं. एक मुलगा, पहिल्याच वर्षाचा असेल, फार प्यायला होता आणि अजून मागत होता. लंबूने त्याच्या ग्लासावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता पाणी." तो पोरगा भडकला. नोकर आहेस तर नोकरासारखा राहा, असं बरंच काही बोलला, आणि उरलेला ग्लास त्याने लंबूच्या शर्टावर उडवला. बाबा स्टुलावरून उतरले. त्यांचा राग तुला ठाऊक आहे, मी त्यांचा दंडच धरला. पण लंबूने शर्ट पुसला, काउंटरच्या बाहेर आला, त्या पोराच्या काखेत हात घालून त्याला मागच्या दारापाशी खोक्यावर बसवलं आणि पुढे बादली सरकवली. पुढचं तू समजून घे. बाबा माझा हात सोडवून तिथे गेले आणि त्या पोराचं कपाळ धरून उभे राहिले. आपल्या घरी हे काम कायम आईने केलं. बाबांना ते जमतं, हे मला माहीतच नव्हतं.

पोरगा रडायला लागला, माझ्या वडिलांना सांगू नका म्हणाला. लंबू म्हणाला, "कुणी सांगत नाही. पाणी पी." त्या पोराच्याच फोनवरून मित्राला बोलावलं, मित्र येईपर्यंत जाऊ दिलं नाही. बाबांनी तोवर कुठूनतरी फरशी पुसायचं फडकं पैदा केलं होतं. पुसता पुसता त्यांनी लंबूला विचारलं, "हेही तुझंच काम?" तो म्हणाला, "काका, ओतायला काय, कुणीही ओततं. थांबवणं म्हणजे काम."

बाबा वाकलेलेच राहिले थोडा वेळ. बाबांचं ते जुनं वाक्य तूही विसरला नसशील, मी तरी विसरलेले नाही. तू शिक्षण सोडून बारची नोकरी धरल्याचं सांगितलंस, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात म्हणाले होते, "दारू ओतायला वाढवलं नाही मी तुला. परत येऊ नकोस." आणि तू शब्द पाळलास. आई अंधारातच गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि तुला फोन करते. त्या वेळी कुणी कपडे वाळत घालत नाही हे बाबांना कळतं, आणि ते जिन्यातला दिवा लावून ठेवतात. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

नंतर वकिलीणबाईने त्यांना ओढून नाचायला नेलं. नको नको म्हणाले आणि गेले. नाचले कसे म्हणशील, तर पीठ मळल्यासारखे. दोन्ही मुठी पुढे, खांदे वरखाली, चेहरा एकदम कामात. पोरांनी गोल केला, मग सगळेच तसं मळायला लागले. मी इतकी हसले की माझं काजळ गालावर आलं. घामाने शर्ट चिकटला होता, आणि ते तरुण दिसत होते. इतका वेळ आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नाही. कधी बघणार? आपण शाळेत जायचो तेव्हा ते झोपायचे, आणि आपण झोपलो की कामावर निघायचे.

परत येताना रस्ते रिकामे होते. वसतिगृहाच्या वळणावर ते स्वतःच म्हणाले, "तुम्ही दोघं मी झोपेत असताना मोठी झालात. दादाला पहिल्यांदा सायकल चालवताना मी बघितलं नाही. म्हणून वाटायचं, पोरगा दिवसाचं काम करेल, संध्याकाळी घरी येऊन पोराबाळांत बसेल. तो म्हणाला रात्रीची नोकरी आहे, तर माझं डोकंच फिरलं. दारूचं काय, तोंडात दुसरं काही आलं नाही तेव्हा." मी म्हटलं, हे त्याला सांगा ना. तर म्हणाले, "माझा आवाज ऐकून त्याने फोन ठेवला तर?"

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सकाळी मी त्यांना बसमध्ये बसवायला गेले तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तू विचार त्याला." त्यांना तुझा बार बघायचाय. आमच्या तळघरात ते त्याचीच तालीम करायला आले होते, बार कसा असतो, तिथे बसायचं कसं, मागायचं काय. ज्या दिवशी तुझ्याकडे गर्दी कमी असते असा वार त्यांना हवाय. कोपऱ्यात बसतील, लिंबू सोडा घेतील, तुझ्या मालकाशी काही बोलणार नाहीत, असं त्यांनी मला दोनदा वचन दिलंय. तू कामात असलास तर हाक मारणार नाहीत. तुझा पत्ता मी त्यांना अजून दिलेला नाही, तो तुझा तूच द्यायचा. आई म्हणते, इस्त्रीचा शर्ट धुऊन, वाळून, पुन्हा पिशवीत जाऊन बसलाय. तू फक्त वार कळव, दादा. तुझे हात रिकामे होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी आहे.

तुझीच,
पिटुकली