दादाची हरवलेली टेप

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टीचा पार विचका झाला. दुपारी दारात पांढरी गाडी उभी राहिली. उतरलं कोण — तर रणधीर आणि कुलदीप! वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नाही आणि आज हातात पेढ्यांचा पुडा. पेढे बघितले तेव्हाच मनात म्हटलं, वर्षाराणी, सावध.

दोघंही पन्नाशीला आलेत. रणधीर पुण्यात असतो. केस अजून मानेवर रुळतात, पण पुढून डोकं साफ. कुलदीप इथंच लोहाऱ्यात, मंडप आणि साउंडचा धंदा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरला पत्र्याच्या शेडात राहायचो, तेव्हा या दोघांनी आणि माझ्या दादानं बँड काढला होता — 'रिश्टर'. हेवी मेटल! रणधीर गायचा, कुलदीप ड्रम, दादा गिटार. हे गाणं आहे हेच गावात कुणाला पटायचं नाही. आमचे अप्पा तर विचारायचे, "कुणाला कापायलेत का रे आत?" पण एक कॅसेट निघाली, पुण्या-बेंगळुरूच्या पोरांनी डोक्यावर घेतली. मग दादा घरातून निघून गेला आणि बँड संपला.

आता म्हणे परत येतायत. नवा अल्बम, 'गावठाण'. आणि त्याची कलेक्टर्स एडिशन! काळी लाकडी पेटी. आत मोठ्या तबकड्या, फोटोंचं पुस्तक, आमच्या त्या शेडाच्या पत्र्याचा एकेक तुकडा, आणि 'महारुद्रची हरवलेली टेप'. महारुद्र म्हणजे माझा दादा. सत्त्याण्णव साली शेडात एकटाच वाजवत बसला होता, ती टेप कुलदीपच्या माळ्यावर सापडली म्हणे.

इतकी वर्षं सापडली नाही आणि पेट्या विकायची वेळ आली की सापडली. वा रे वा!

"घरच्यांनी हो म्हणल्याशिवाय टाकणार न्हाय," रणधीर म्हणाला. आई भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडं बघत बसली. फोटोला हार आहे. रणधीरनंही तो हार बघितला आणि एकदम म्हणाला, "तुम्ही तर त्याचं सगळं उरकलं ना." आवाज असा की जशी काय आमचीच चूक!

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

१० नोव्हेंबर

ड्युटीवर दिवसभर तेच डोक्यात.

सगळं उरकलं म्हणे! अप्पांनी अंगणात दादाची गिटार आपटून फोडली, म्हणाले, परत या दारात पाय ठेवू नको. दादानं ते खरं केलं. मग याच अप्पांनी सोलापूर, पुणे, हैदराबाद पालथं घातलं, पेपरात फोटो दिला. बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे मेलाच धरायचं, म्हणून भावकी बसली. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला दादाचा सदरा घातला आणि जाळला. दहावं, तेरावं, सगळं रीतसर. आई दोन दिवस जेवली नाही. "म्या माझ्या लेकराला पानात बांधून जाळलं," एवढंच म्हणायची. आता अप्पाही नाहीत. आई आणि मीच. घटस्फोटानंतर मी माहेरी आले ती इथलीच झाले.

त्यामुळं दादाच्या नावावर कुणी दुकान मांडत असेल तर गाठ माझ्याशी आहे. एसटीत कंडक्टर आहे मी. कोण झोपेचं सोंग घेतंय, कोण दुसऱ्याचा पास दाखवतंय, मला चेहऱ्यावरून कळतं. काल रणधीरचा चेहरा तसाच होता — विनातिकीट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! एक खोटं तर सापडलं!

ड्युटी सुटल्यावर न सांगता कुलदीपच्या गोडाऊनला गेले. म्हटलं, मूळ टेप बघू तरी. मागच्या अंगणात बघते तर भाऊसाहेब बादली घेऊन बसलेत आणि कोऱ्या करकरीत पत्र्यांवर ब्रशनं पाणी मारतायत. मिठाचं पाणी! पत्रा गंजावा म्हणून!

मी कमरेवर हात ठेवून उभी. तो दचकला, बादली सांडली.

"अगं, खरा पत्रा अर्ध्या पेट्यांनाच पुरला. बाकीच्यांना काय देऊ? मिठाचं पाणी मारलं की पंधरा दिवसांत गंजतंय बग."

"कुलदीपभाऊ, लाज न्हाय वाटत? लोक आमचं दुःख म्हणून विकत घेणार ते!"

"गंज तर खराच हाय ना गं?"

काय बोलायचं याच्यापुढं! मला आधी हसू आलं, मग लई राग आला. त्या शेडात आम्ही पाच वर्षं काढली. उन्हात भाजलो, थंडीत काकडलो. आणि हा ते मिठानं बनवतोय.

विचारलं, पत्रा खोटा तर टेप खरी कशावरून? कुठं आहे ती, दाखवा. तर म्हणाला पुण्याला गेली. माझ्याकडं बघेचना. "टेपचं मला विचारू नको वर्षा. रणधीरला विचार."

पाणी मुरतंय. मिठाचंच असेल!

१६ नोव्हेंबर, रविवार

रणधीर आला होता, एकटाच. टेप ऐकवायला. म्हटलं, मोबाइलवर पाठवा, मी ऐकते निवांत. नाही म्हणाला. "इथंच ऐक. आणि शेवटपर्यंत ऐक हं." दोनदा सांगितलं — शेवटपर्यंत.

हेडफोन लावले. आधी नुसती खरखर. मग गिटार. जाड, खालचा सूर, सावकाश, पहिल्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखा. मी मनात ठरवून बसले होते की हे खोटं आहे. पण हात दादाचाच वाटत होता. भूकंपात तुळईखाली त्याचं डाव्या हाताचं एक बोट चेंगरलं. ते नीट दाबत नसे, म्हणून तो सूर घसरत आणायचा. इथंही तसाच घसरला. एक तर तो दादा, नाहीतर कुणीतरी लई घोटून शिकलेला.

वाजवणं संपलं. खरखर. आणि अगदी शेवटी, लाकडावर — टक-टक... टक.

रडले. रणधीरच्या समोर रडले, त्याचाच राग येतोय.

शेडात असताना धक्के यायचे. मी आठ वर्षांची. जमीन जरा हलली की माझी दातखीळ बसायची. दादा पोरांबरोबर पलीकडच्या खोलीत झोपायचा, मध्ये नुसता पत्रा. तो तिकडून वाजवायचा, टक-टक... टक. म्हणजे, मी आहे. मी एकदा वाजवायची. मग झोप लागायची. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

रणधीर माझ्या तोंडाकडं बघत होता. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखा. मी म्हटलं, टाका पेटीत. पण मला पाठवा, आईला ऐकवायचंय. कुरकुरत पाठवलं.

आईनं फोन कानाला धरून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बोट अजून दुखतंय वाटतं त्याचं."

अजून म्हणे. आईला आता मागचं-पुढचं कळत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फसवलं! फसवलं मेल्यांनी!

सकाळी दारात भांडी घासत होते, कानात दादाची टेप. आता पाठच झालीये. गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी आली. कर्ण्यावर तेच रोजचं गाणं, कचरा टाका, कचरा टाका. एक कान मोकळा होता, म्हणून ऐकू आलं — आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

टेपमध्ये मधोमध, गिटार जरा थांबते तिथं, खरखरीखाली काहीतरी बारीक वाजतं. मी समजत होते जुन्या टेपेचा आवाज. तो घंटागाडीचा कर्णा आहे! चाल आमच्या गाडीची नाही, दुसरीच. शब्द कळत नाहीत. पण लांबून येतो, जवळ येतो, लांब जातो. घंटागाडीच!

सत्त्याण्णव साली सास्तूरला घंटागाडी? शेडांत साधं गटार नव्हतं!

म्हणजे ही टेप आत्ताची. पत्र्याला मीठ लावलं, तशी टेपेला खरखर लावली. आणि ते टक-टक? रणधीर त्याच ओळीतल्या शेडात राहायचा. ऐकलं असणार त्यानं. आमची तेवढी एक गोष्ट होती, तीही उचलली. आणि मी त्याच्यासमोर रडले!

२२ नोव्हेंबर

रणधीरला फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. भाड्याचा माणूस आणून माझ्या दादाचा हात वाजवलात! तुमच्या टेपेत घंटागाडी आहे, ऐका जरा कान उघडून!

मला वाटलं ओरडेल, नाही म्हणेल, शपथा घेईल. तर हळूच विचारतो कसा, "वर्षे, अजून कुणाला बोललीस का हे?"

बघा! चोर तरी बरा, तो आधी नाही म्हणतो.

"तो आवाज काढून टाकतो मी," म्हणाला. "कुणाला सांगू नको. पाया पडतो."

मी फोन ठेवला.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

आईनं भरीत-रोडगा केला. खंडोबाला नैवेद्य दाखवला आणि दरवर्षीसारखा एक रोडगा झाकून ठेवला. पुतळा जाळल्यावरसुद्धा ठेवतेच. कुणासाठी ते विचारायचं नाही असं घरात ठरलंय.

पेट्यांचं बुकिंग पाच तारखेला उघडणार. बँडच्या पानावर पोरं नुसती वेडी झालीत, 'महारुद्र अमर रहे' लिहितायत. पाच तारखेच्या आत मी तिथंच लिहिणार. पत्रा खोटा, टेप खोटी. सगळ्यांसमोर. आईला कळलं तर पुन्हा दोन दिवस जेवायची नाही. पण खोट्या लेकराचा आवाज कानाला धरून बसण्यापेक्षा बरं.

नाहीतर काय? बरंच.

२ डिसेंबर, मंगळवार

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

डेपोतल्या पाटीलबाई रजेवर, म्हणून मला आज उमरगा–बसवकल्याण दिली. एरवी मी धाराशिवच्या बाजूची. कधीतरी अशी बदली येते तेव्हाच कर्नाटकात पाय पडतो. ड्रायव्हर सिद्धारामअण्णा, त्यांना कानडी चांगलं येतं.

सकाळी बसवकल्याण स्टँडवर गाडी लागली. चहा घेतला. पहिला घोट घेतला आणि रस्त्यावरून घंटागाडी आली. तीच चाल. तीच! लांबून आली, जवळ आली, लांब गेली. चहा हातावर सांडला, भाजलंसुद्धा नाही.

"अण्णा, हे काय म्हणतंय?"

"ओला कचरा, सुका कचरा येगळा द्या म्हणतंय. गावाचं नाव घालून केलंय की गाणं. दुसऱ्या गावात न्हाय वाजायचं हे."

आधी वाटलं, घावला! खोट्या टेपेचा कारखाना इथं आहे तर! परतीच्या गाडीत कुणाकुणाला सांगायचं, काय लिहायचं, सगळं जुळवत आले.

हद्द ओलांडली आणि डोक्यात काहीतरी अडकलं. कुलदीपच्या गोडाऊनात रेकॉर्डिंगची खोली आहे. पुण्यात तर गल्लोगल्ली असतील. खोटी टेप करायला कुणी परराज्यातल्या गावात, रस्त्याकडेच्या घरात कशाला जाईल? काय आहे तिथं?

एका माणसाला तिकीट द्यायचं राहिलं. तोच म्हणाला, "बाई, माझं?" नोकरीत पहिल्यांदा.

रणधीरला फोन लावला. उचलला नाही.

३ डिसेंबर

रणधीरचा फोन आला. मी एवढंच म्हणाले, "बसवकल्याण." तेव्हा म्हणाला, "त्यानंच सांगितलं होतं, वर्षाला शेवटपर्यंत ऐकव. जिता हाय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं त्याला, म्हणून टेप जुनी केली. आपणहून यायचा न्हाय तो. म्हणतो, जाळलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं घरी जायचं?"

फोटोचा हार काढला. आईनं बघितलं. "का काढलास गं?" म्हटलं, धूळ बसली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं. कुठं ते विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "दोन तिकिटं काढ."