नुसती बसंल ती

आबा, तुम्ही तुमची नात पाहिली नाहीत. ती स्वमग्न आहे. थोडंच बोलते, आणि शाळेची घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरते. चौलजवळच्या तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "तिच्या भल्यासाठीच म्हणते, पनवेलला खास शाळेत घाला." भल्यासाठी म्हटलं की मी सावध होते. मी शिक्षण खात्याकडे तक्रार केली, तेव्हा तोडगा काढायला अलिबागहून एक मध्यस्थ बाई आल्या. मी पोचले तर त्या मुख्याध्यापिकांबरोबर चहा पीत हसत होत्या. म्हटलं, झालं, यांचं आधीच ठरलंय.

बैठकीत मी समोरच्या पाण्यालाही हात लावला नाही. "बाकीच्या मुलांचं नुकसान होतं हो ताई," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि मला एकदम तुमचा वर्ग दिसला. मी तिसरीत आहे, तुमच्यासमोरच बसलेय. एक कोळीण तिच्या मुक्या मुलीला घेऊन दारात उभी आहे. तुम्ही हळूच सांगताय, "हिला घरीच ठेवा. हिच्या भल्याचंच सांगतोय." ती म्हणतेय, "गुरुजी, नुसती बसंल ती. कुनाला तरास न्हाय देनार." तुम्ही नकारार्थी मान हलवता. तुम्ही वाईट नव्हतात, आबा. म्हणून तर मला चांगल्या माणसांची जास्त भीती वाटते.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" मध्यस्थ बाईंनी मला विचारलं. यात काय डाव असेल ते कळेना. "तिला इथेच बसू द्या," एवढंच म्हणाले. मग त्यांनी वर्गशिक्षिकेला विचारलं, "आणि तुम्हाला कसली भीती वाटते?" ती तरुण बाई रडायलाच लागली. "अशा मुलीला कसं शिकवायचं, हे मला कुणी दाखवलंच नाही."

शेवटी ठरलं की मुलगी याच शाळेत राहील, घंटेआधी तिला बाहेर नेतील आणि दर आठवड्याला विशेष शिक्षिका येऊन तिला आणि वर्गशिक्षिकेला, दोघींनाही शिकवतील. शब्द न् शब्द वाचून मी सही केली.

परवा घरी येऊन तिने वर्गातल्या एका मैत्रिणीचं नाव घेतलं. पहिल्यांदाच. तरी मी डबा द्यायच्या निमित्ताने खिडकीपाशी जाऊन कान देते.

तुम्ही हयात असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. त्या टेबलाशी तुम्ही माझ्या शेजारी बसला असता की समोर, हे विचारायचं मला धाडस नाही.