तुमच्या तालमीचा न धरलेला गोल

अण्णा, तुमची तालीम फायनल हरली. तीही पलीकडच्यांकडून. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, एवढ्या काळात घरात कितीतरी घडलं आणि मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहायला बसले तर पहिली बातमी ही. तुम्हाला पहिल्यांदा हीच ऐकायची असती, हेही मला माहीत आहे. कोल्हापूर सोडून तुम्ही भोरच्या शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आलात, इथेच संसार केलात, पण जीव तिकडेच राहिला. तिकडे पेठेपेठेची तालीम, तालमीची फुटबॉल टीम, आणि शेजारच्या पेठेशी सात जन्मांचं वैर. त्या दुसऱ्या तालमीचं नाव तुम्ही घरात कधी घेतलं नाही, नुसतं ‘पलीकडचे’ म्हणायचात. त्यांचा रंग जांभळा, म्हणून आईला जन्मात जांभळी साडी घेऊ दिली नाहीत. वांगी तेवढी सुटली, कारण ती तुम्हाला आवडायची.

तुम्ही मुलींची टीम काढलीत तेव्हा मी आठवीत होते. शाळेचं मैदान मुलांनी अडवलेलं, म्हणून भात कापून झालं की उत्रोलीच्या खाचरात आमची प्रॅक्टिस. धसकटं पायाला टोचायची, त्यावर तुमचं म्हणणं, टोचतंय म्हणजे पाय उचलाल. मी चार दिवस खेळले. पाचव्या दिवशी चेंडू अंगठ्याने मारला, नख काळंनिळं झालं आणि चेंडू बांधापलीकडे ओढ्यात गेला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, तू आपली वही सांभाळ. तेव्हापासून मी वही सांभाळते. हजेरी लिहायची, चेंडूत हवा भरायची, लिंबं चिरायची. आता कचेरीत क्लार्क आहे, म्हणजे वही अजून सुटलेली नाही.

आणि त्याच वर्षी टीममध्ये ती पोरगी आली. विंझरची. शाळेसाठी उत्रोलीला मावशीकडे राहायची, अंगावर भावाचा शर्ट, बोलणं जेमतेम, पण डावा पाय असा की तुम्ही शिट्टी वाजवायची विसरायचात. मला आठवतं, तुम्ही तिच्याकडे बघत उभे आहात आणि मी तुमच्याकडे. हातात चिरलेलं लिंबू. तेव्हापासून मी तिचा हेवा केला, अण्णा, मनापासून आणि न कंटाळता. ती पडली की मला बरं वाटायचं. ती उठली की तुमचा जीव भांड्यात पडलेला दिसायचा, तेव्हा आणखी वाईट वाटायचं.

नववीत असताना तुमची तालीम फायनलला आली, समोर पलीकडचे. तुम्ही रजा टाकलीत. मला वाटलं, या वेळी मला नेणार. मी फ्रॉकला इस्त्री करून ठेवली होती. आदल्या दिवशी कळलं की विंझरची येणार आहे, तिच्या मावशीला विचारूनही झालंय. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आपली पोरगी घरात असताना दुसऱ्याची कशाला? तुम्ही ताटावरून मान वर न करता उत्तर दिलंत.

“तिला मॅच बघायची आहे. हिला नुसतं माझ्याबरोबर यायचंय.”

मी दाराआड होते. तुमचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं पहिल्या एसटीने गेलात. येताना माझ्यासाठी कोल्हापुरी चप्पल आणलीत, चांगली करकर वाजणारी, पण एक नंबर लहान. तिच्या बुटाचा नंबर तुम्हाला पाठ होता. मी ती चप्पल महिनाभर टाच बाहेर काढून घातली आणि तुमच्या ते लक्षात आलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी तुमच्या घरात शिकले.

एक गोष्ट मात्र माझी होती. एका रविवारी जेवण वाढायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर वाट्या मांडल्या होत्या. गोलकीपर म्हणून तांब्या, चेंडू म्हणून लिंबू, आणि आई आमटीचं पातेलं घेऊन ताटकळलेली. तुम्ही मला ऑफसाईड शिकवत होता. पुढचा खेळाडू शेवटच्या बॅकच्या पुढे आहे का, ते कधी बघायचं? मी चुकले, पुन्हा चुकले, मग बरोबर आलं. तुम्ही म्हणालात, बघायचं ते पास निघताना, पोचल्यावर सगळेच शहाणे. सगळ्या वाट्या गोळा होईपर्यंत मी एकदाही चुकले नाही. त्या दिवशी विंझरची तिथे नव्हती. तिला तुम्ही हेच मैदानात शिकवलं असणार, पण स्वयंपाकघरातलं ते माझं एकटीचं.

ती पुढे किकवीजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि रेफ्रीची परीक्षाही दिली. मधल्या वर्षांत आमचं बोलणं हळदीकुंकवापुरतं. मग गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सरांची तालीम फायनलला आलीय, पलीकडच्यांशीच हाय, आणि त्या मॅचला लाईनवर झेंडा घेऊन ती उभी राहणार. या फायनलला लाईनवर बाई पहिल्यांदाच. सर न्हाईत, निदान तू तरी ये, असं म्हणाली. मी आनंदाने हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. तुमच्या मैदानावर मी पहिल्यांदा जाणार, तेही तिच्या आमंत्रणावरून.

तर मी गेले, अण्णा. तुमच्या लोकांत बसले. शेजारच्या म्हाताऱ्यांना तुमचं नाव सांगितलं तर त्यांनी जागा करून दिली, शेंगा दिल्या, तुम्ही तरुणपणी किती आडदांड खेळायचात ते सांगितलं. समोर ती लाईनवरून पळत होती, केस पांढरे व्हायला लागलेत पण पळणं तेच. शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल नव्हता. मग आपल्या पोराने मधून पास काढला, पुढच्याने तो घेतला आणि जाळ्यात घातला. सगळा स्टँड उभा राहिला. आणि तिचा झेंडा वर, ऑफसाईड.

गोल धरला नाही. टायब्रेकरमध्ये पलीकडचे जिंकले. झेंडा वर गेल्यापासून लोकांनी तिला जे जे ऐकवलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही. बाईला कशाला उभी करतात, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. शेंगा देणारे म्हातारे रडत होते. पोलिसांनी तिला मधे घेऊन आत नेलं. मोबाईलवर जी क्लिप फिरते ती गोलाच्या मागून काढलेली आहे, तीत काही कळत नाही. लोक ती बघून अजून तिला शिव्या देतात.

ऊन उतरल्यावर मला आत सोडलं. ती बाकावर बसली होती, बुटाच्या नाड्या सोडलेल्या. मला बघून उठली.

“खरं सांग,” ती म्हणाली. “पास निघाला तवा त्यो म्होरं हुता का न्हाई? तू सरांची पोरगी हायस. तुला कळतंय.”

“मला दिसलं नाही गं,” मी म्हणाले. “पुढची माणसं उभी राहिली होती.”

तिने मान हलवली. मग म्हणाली की सर असते तर त्यास्नी दिसलं असतं, आणि मी हो म्हणाले. परवा कळलं, तिने झेंडे परत केले. मी फोन केला तर म्हणाली, आता बास, माझीच नजर गेली आसंल. शाळेत मुलींची टीम आहे, तीही दुसऱ्या कुणाला द्यावी म्हणते. मी तिला म्हटलं, बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं कर. आणि हे म्हणताना, अण्णा, मला आतून बरं वाटलं. खाचरात ती पडायची तेव्हा वाटायचं तसंच.

माझ्यापुढे कुणी उभं नव्हतं. मी पहिल्या रांगेत होते, शेवटच्या बॅकच्या बरोबर रेषेत, आणि सगळे चेंडूमागे बघत असताना मी पास निघताना बघितलं. तो पाऊलभर पुढे होता. तुमच्या तालमीचा गोल गेला तो बरोबर गेला. तिच्याखेरीज हे नीट बघितलेली त्या मैदानात मी एकटी, आणि स्टँड तिच्यावर ओरडला तेव्हा मीही ओरडले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. तिचा नंबर मोबाईलमध्ये आहे, ती आत्ता घरीच असेल, एक वाक्य सांगायचंय. ते तिला सोडून मी तुम्हाला सांगत बसले आहे.