डेसकाकांची साठ वर्षं गाजलेली किक

ती. मंदामावशीस,

धैर्यशीलचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकूनच करायला हवा, पण सध्या उजव्या मांडीला वाकणं मंजूर नाही. कारण पुढे येतंच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? पुरुषोत्तमकाकांची साखर शहाण्यासारखी वागतेय ना? इथे दीप्ती बरी आहे, मी बरा होतोय आणि वेलिंग्टनचा वारा नेहमीसारखाच आहे. परवा आमची वाळत घातलेली चादर तिसऱ्या घराच्या कुंपणावरून परत आणली.

तर बातमी अशी की आमचे शेजारचे डेसकाका गेले. वय नव्वदीला टेकलेलं. दुपारी खुर्चीत डुलकी लागली ती लागलीच. असं मरण मागूनही मिळत नाही. फोनवर तुला सांगायचो बघ, कुंपणावरून लिंबं देणारे, भर थंडीत जँडल्स (म्हणजे आपल्या रबरी सपाता) घालून फटक फटक हिंडणारे, तेच. आम्ही इथे राहायला आल्यापासून मी त्यांना एवढंच ओळखत होतो. आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडतो तर अर्धं पान डेसकाका! डेस हॅलोरन, रग्बीतला जुन्या काळचा नामांकित दहा नंबर. (दहा नंबर म्हणजे चेंडू कुणाला द्यायचा, कधी पळायचं, कधी लाथ घालायची हे ठरवणारा. लग्नघरात सगळ्यांना कामाला लावणारा एक मामा असतो ना, तसा.) ऑफिसात मी सहज म्हटलं, हे आमच्या शेजारी राहायचे, तर मॅनेजर उठून उभाच राहिला. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने कुंपणाकडे तोंड करून टोपी काढली, डोळे पुसले आणि त्या भरात गरम पाण्याचा नळ गाराला जोडला.

मग नोलीनबाई, म्हणजे डेसकाकांच्या पत्नी, कुंपणापाशी आल्या. शनिवारी क्लबवर आठवणींचा कार्यक्रम आहे, तू येऊन बोल, म्हणाल्या. मी म्हटलं, मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "ते सगळे त्या किकबद्दल बोलतील. साठ वर्षं मी तेच ऐकतेय. माझ्या नवऱ्याबद्दल कुणीतरी एक शब्द बोला रे."

मी लगेच हो म्हटलं.

क्लबवर गेलो तर सगळे ऐंशीच्या पुढचे चाहते, ब्लेझरची बटणं पोटावर कशीबशी तगलेली, हातात चहा आणि सॉसेज रोल. किकचं प्रकरण असं: अंतिम सामना, धो धो पाऊस, बरोबरी, शेवटचा क्षण, आणि डेसकाकांनी चेंडूला जमिनीवर टप्पा देऊन अशी लाथ घातली की तो दोन खांबांमधून पलीकडे. सामना खिशात! पहिल्या वक्त्याने ती किक मैदानाच्या मध्यावरून मारली. दुसऱ्याने आणखी मागे नेली. तिसऱ्याच्या हकिकतीत वारा समोरून होता आणि डेसकाकांच्या एका डोळ्यात चिखल. चौथा उठला तेव्हा मला धास्ती वाटली की आता किक शेजारच्या गावातून निघणार. नोलीनबाई शेजारी पर्सची कडी उघडत होत्या, मिटत होत्या. टिक टिक, टिक टिक.

माझी पाळी आली. मी "किया ओरा" (म्हणजे इथला रामराम) म्हटलं आणि गणपतीचं सांगितलं. (तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तू सोवळ्याची.) आम्ही दीड दिवसाचा शाडूचा गणपती समुद्रावर विसर्जनाला नेला होता. डेसकाकांना आदल्या दिवशी एवढंच कळलं होतं की याला कुणीतरी पाण्यात न्यायचं असतं. सप्टेंबरात इथली थंडी सरलेली नसते, पाणी बर्फासारखं, पण गृहस्थ पोहायची चड्डी घालून हजर! आमची आरती अजून चालूच होती, तेवढ्यात त्यांनी मूर्ती छातीशी धरली, डोकं खाली घातलं आणि सुटले. वाटेत तबक घेऊन दीप्ती उभी. तिला डावीकडे जातोय असं दाखवून उजवीकडून गेले. मागे आम्ही "मोरया, मोरया" ओरडत धावतोय आणि किनाऱ्यावरून नोलीनबाई ओरडताहेत, "डेस, त्याची सोंड सांभाळ!" बाप्पाला त्यांनी अगदी अलगद सोडलं. बाहेर आले तेव्हा निळे पडले होते, आणि मला विचारलं, "गेला ना नीट तो घरी?"

मावशी, हॉल हसून हसून आडवा झाला. आणि मग एकदम सगळे नाक शिंकरायला लागले.

एवढ्यात नोलीनबाई उठल्या. वाटलं, आभार मानतील. कसले आभार! "साठ वर्षं मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "डेसला ती किक मारायचीच नव्हती. त्याला चेंडू मैदानाबाहेर काढायचा होता. पाय घसरला आणि चेंडू खांबांत गेला. लग्नाच्या रात्री त्याने मला रडत सांगितलं. जन्मभर त्याला वाटत राहिलं, मी या लोकांना फसवतोय."

मर्व्ह नावाचे म्हातारे, डेसकाकांच्याच टीममधले, काठीवर जोर देत उभे राहिले. "नोलीन, आम्हाला माहीत आहे. मी त्याच्या शेजारी होतो. घसरताना त्याने जी शिवी हासडली, ती अख्ख्या स्टँडने ऐकली. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की कुणाची सांगायची छाती झाली नाही. मग म्हटलं, गोष्ट मोठी करत राहू, म्हणजे त्याला बरं वाटेल."

म्हणजे बघ, तिकडे टीम डेसकाकांना सांभाळत होती आणि इकडे हे नवरा-बायको टीमला! नोलीनबाई आधी रागाने लाल झाल्या, मग हसू लागल्या, मग मर्व्हच्या ब्लेझरवर डोकं टेकून मनसोक्त रडल्या. आणि मग सगळी वरात मैदानात निघाली. प्रत्येकाला ती किक मारून बघायची होती, पण गुडघे सगळ्यांचे नवे. जन्मजात गुडघे असलेला मी एकटाच. मी धावत आलो, पाय उचलला, चेंडू जागच्या जागी राहिला आणि माझा बूट खांबांमधून पलीकडे गेला. टाळ्या! मांडीत मात्र कळ आली ती अजून आहे.

शेवटी नोलीनबाईंनी चेंडू मागितला. "मी बाहेर काढणार," जाहीर केलं, स्कर्ट जरा वर धरला आणि लाथ घातली. चेंडू वाऱ्यावर भेलकांडत रेषेबाहेर गेला. बाईंनी आभाळाकडे बोट केलं: "असा काढतात, डेस!"

काकांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो पुढची ओळ वाचूनही राहो.

तुझा,
धैर्यशील

ता. क. आईला मांडीचं कळू देऊ नकोस. तिच्या मते मी योगासनं करतो.

ता. क. दुसरा. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच. निघताना मी भरात म्हणालो, एकदा पुण्याला आमच्या मावशीकडे या. आपण नाही का प्रत्येकाला म्हणत? इथली माणसं ते खरं धरतात. नोलीनबाई, मर्व्ह आणि मर्व्हची बहीण यांनी तिकिटं काढलीत. हॉटेल बघतो म्हणत होते. मीच म्हटलं, मावशीला राग येईल. तिघेही गुणी आहेत, फक्त तिखट चालत नाही आणि मर्व्ह घोरतात. पुरुषोत्तमकाकांना हे हळूहळू सांग. फार हळू नको, विमान बुधवारी उतरतंय.