फाटकापाशी दोन मिनिटं

बाबा,

गेल्या महिन्यात एका दुपारी ह्यांनी मला सांगितलं, की आपली पोरगी आली होती. मी गच्चीवर वाळत घातलेल्या मुंगवड्या काढायला गेले होते. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. खाली आले तर हे खुर्चीवर नव्हते. अंगणात फाटकाला धरून उभे होते, पायांत काही नाही, आणि फरशी अशी तापलेली की माझी चप्पलसुद्धा मऊ पडत होती. हात धरून आत आणलं, कूलरसमोर बसवलं, बादली घेऊन पायांवर पाणी घालायला लागले. तेव्हा म्हणाले, "पोरगी आली होती." मी म्हटलं, "हो का? पाय हलवू नका." ते म्हणाले, "म्हटलं, ये ना वं आत. तर नाही म्हणाली. आई कुठं आहे म्हणाली." मी सहज विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?" "काय सांगन? आई तर मेली म्हटलं." एवढं बोलून माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागले, जणू मी घरात कामाला येणारी कोणी बाई आहे आणि त्यांचं दुःख मला कळणार नाही.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तुमच्या आठवणीतले जावई कळमेश्वरच्या कारखान्यात फोरमन होते, मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायचे. आता तीन वर्षं झाली, त्यांना नसलेली माणसं दिसतात. कधी हॉलमध्ये वरात बसलेली असते. एकदा तर तुम्ही दिवाणावर बसून पेपर वाचत होतात म्हणे. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, त्यांना नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका, विषय बदला. मी तीन वर्षं विषय बदलते आहे, बाबा. त्या दिवशीही बदलला. पाय पुसले, टरबूज कापून दिलं.

पण बाकी जे दिसतं ते ह्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही. हे आठवत होतं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, तिसऱ्या दिवशी दाढी करून देताना म्हणाले. शब्द तेच. ये ना वं आत. आई कुठं आहे. आई तर मेली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातला वस्तरा थांबला.

तुम्ही माझ्या जागी असतात तर पहिल्याच दिवशी तपास केला असता. वजनमापे निरीक्षकाची मुलगी मी. इतवारीतले दुकानदार तुम्हाला लांबून येताना पाहून तराजू पुसायला लागायचे, ते मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून पाहिलं आहे. तुमच्या ऑफिसात काचेच्या कपाटात तो नाजूक तराजू होता, आणि मखमलीच्या पेटीत पितळेची प्रमाण वजनं. मी सात-आठ वर्षांची असेन, त्यातलं सगळ्यात लहान वजन चिमटीत उचललं, तर तुम्ही सगळ्या ऑफिससमोर ओरडलात. "हात नको लावू वं! बोटाचा घामबी वजनच असते!" घरी येईपर्यंत मी रडत होते. मग तुम्ही समजावलं, की माणसानं हात लावला की खरी गोष्ट खरी राहत नाही, म्हणून आधी दूर राहून पाहायचं, मोजायचं, मग बोलायचं. मी ते ऐकलं. फार ऐकलं, बाबा. तुम्ही सांगितलेलं दुसरं काही इतकं ऐकलं नसेल.

आईच्या बरगडीखाली दुखायचं तेव्हाही तुम्ही असंच दूर राहून पाहिलं होतं. "रिपोर्टमधे काही नाही ना? मंग काही नाही," असं तुम्ही म्हणायचात. तिनं सांगणं सोडून दिलं. ती गेल्यावर वर्षभरानं मी माहेरी आले, तर तुम्ही स्वयंपाकघरात उभे, तव्यावर पोळी जळून राहिली आणि तुम्हाला पत्ता नाही. मी गॅस बंद केला. तुम्ही डाव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणालात, "तुझी आई म्हणे का दुखते. मी म्हणो, दाखव कुठं दुखते. आता मले तिथंच दुखते. कोणाले दाखवू?" मी तुम्हाला काय म्हटलं ते आठवतं का? मी म्हटलं, बाबा, एकदा सोनोग्राफी करून घेऊ.

मी तशीच झाले होते. म्हणून आता जे लिहिते आहे ते तुमच्याशिवाय कोणाला लिहिता येत नाही.

चार वर्षांपूर्वी ह्यांच्या मोठ्या भावाचं वर्षश्राद्ध होतं. पोरगी तेव्हा मिहानमध्ये एका कंपनीत होती, चोविसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली. मी म्हटलं, अर्धा दिवस सुटी घे. ती म्हणाली, मी येणार नाही. काहून, म्हटलं. ओट्यापाशी उभी होती, मी कणीक मळत होते. मग तिनं सांगितलं. बारा वर्षांची असताना काकांनी काय केलं, ते. फार शब्द वापरले नाहीत तिनं. चार वाक्यं असतील. आणि मी, बाबा, कणकेचे हात तसेच ठेवून विचारलं, "कोणत्या वर्षी? घरात कोण होतं तेव्हा? तू तेव्हाच काहून नाही सांगितलं? तुझा काही गैरसमज तर नाही झाला?" ती ओट्यापासून मागे सरकली. मग म्हणाली, "आई, तू मले तपासून राहिली का?"

मला वाटलं, मी न्यायानं वागते आहे. समोरचा माणूस मेलेला, तो बोलू शकत नाही, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. आठ दिवसांनी ती दोन बॅगा घेऊन हैदराबादला गेली आणि नंबर बदलला. ती ओट्यापाशी बोलली तेव्हा हे बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं का, त्यांना आधीपासून काही माहीत होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारलं तर सांगतात, भाऊ मागच्या खोलीत झोपला आहे, आवाज करू नको.

तर गेल्या महिन्यात, त्या तिसऱ्या दिवशी ह्यांची अर्धी दाढी तशीच ठेवून मी समोरच्या घरातल्या काकूंकडे गेले. त्यांच्या कॅमेऱ्यात आमचं फाटक दिसतं. त्यांनी टीव्हीवर लावून दिलं. चार वाजून बत्तीस मिनिटांनी एक मोपेड येऊन थांबते. मुलगी उतरते. आणि बाबा, तिनं चेहऱ्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला आहे, वर गॉगल, हातांत कोपरापर्यंत मोजे. उन्हाळ्यात आपल्या गावातल्या सगळ्या पोरी अशाच दिसतात. ती फाटकापाशी येते. हे बाहेर येतात. ह्यांचे ओठ हलताना दिसतात. आवाज नाही. ती दोन मिनिटं उभी आहे. एकदा हात उचलून फाटकाच्या कडीवर ठेवते आणि काढून घेते. मग मागे वळते, मोपेडपाशी जाते, हँडलवर वाकून थोडा वेळ तशीच राहते. रडते आहे, की गाडी सुरू होत नाही, की मोबाइल पाहते आहे, काही कळत नाही. मग जाते. म्हणजे कोणीतरी आलं होतं. एवढं तरी खरं होतं, आणि मी तीन दिवस टरबूज कापत होते.

काकू म्हणाल्या, "अवं, सर्व्हेवाली असन ते. मागच्या गल्लीतबी आल्त्या दोघीजणी." मी म्हटलं, पुन्हा लावा. अकरा वेळा पाहिलं. उंची तेवढीच वाटते. मग वाटतं, तेवढी नाही. खांदे तिचे वाटतात, मग वाटतं, असे खांदे कोणाचेही असतील. पोटच्या पोरीची चाल मला ओळखता आली नाही. चार वर्षांत माणूस वेगळं चालायला लागतं का? ती चालायला शिकली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

आता तुम्ही मोजून सांगा. ती नसेल, तर माझी मुलगी चार वर्षांत एकदाही या दारात आलेली नाही. ती असेल, तर तिला वडिलांचा आजार माहीत नाही. ती गेली तेव्हा हे रोज स्कूटर चालवत होते, हिशेबात बोलत होते. त्यांनी आई मेली म्हटलं, तिनं ते खरं मानलं, आणि आत न येता निघून गेली. मी वर गच्चीवर होते. माझ्या पायाखालीच ती उभी होती. मी दिवसातून दहा वेळा ठरवते की ती नव्हतीच, आणि अकराव्या वेळी गच्चीच्या त्या कठड्याशी जाऊन उभी राहते. तिथून फाटक दिसत नाही. मला माहीत आहे की दिसत नाही, तरी जाते. परवा ह्यांना खांदे धरून गदागदा हलवलं, "खरं सांगा, तीच होती का?" असं ओरडले. ते घाबरून म्हणाले, "बाई, मले मारू नका." मग मी तिथंच खाली बसले, आणि तेच माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

तिची कॉलेजची एक मैत्रीण मानेवाड्याला कपड्याचं दुकान चालवते. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "काकू, नंबर कोणालेच द्यायचा नाही म्हणून तिनं शपथ घातली आहे. निरोप असन तर लिहून द्या, मी पाठवते." माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. ती नागपूरला आली होती का? त्या पोरीला माहीत असणार. एका शब्दात उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही. दुकानातल्या बिलाच्या मागे लिहिलं, "तू म्हणालीस ते खरं होतं. मी विचारायला नको होतं. बाबा आजारी आहेत, त्यांचं बोलणं खरं मानू नकोस. मी जिवंत आहे." मैत्रिणीनं त्याचा फोटो काढून माझ्यासमोर पाठवला.

तिचं खरं होतं हे मला कशावरून कळलं, असं तुम्ही विचाराल. कशावरूनच नाही, बाबा. नवीन काही हाती आलेलं नाही. ती म्हणाली, एवढंच. चार वर्षांपूर्वीही तेवढंच होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

हे कागद घडी करून ह्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली ठेवणार आहे. तिथे कोणी पाहत नाही. आणि एक सांगायचं राहिलं. माझा नंबर तोच आहे असंही मैत्रिणीनं तिला कळवलं आहे, आणि त्या दिवसापासून मी फोन बंद करून ठेवला आहे. चालू असून वाजला नाही, तर तेच तिचं उत्तर ठरेल. सकाळी हातात घेते, चालू करायला अंगठा ठेवते, आणि परत ठेवून देते.