त्या वेळी हाती असलेले आकडे

प्रिय बाबा,

आई फोनवर म्हणाली, तू हल्ली चर्चनंतर कोणाशी बोलायलाही थांबत नाहीस. म्हणून घाईने लिहितेय. माझ्या प्रबंधाचा विषय मी तुला कधी नीट सांगितलाच नाही. तू विचारलंस की 'असंच, आकडेमोड' म्हणून टाळायचे. भीती वाटायची. आपली पतपेढी बुडवणारं ते आर्थिक संकट वर्षभर आधी ओळखता आलं असतं, हे मी सिद्ध करायला निघाले होते. आणि त्याच वर्षी गावच्या पतपेढीत, 'घ्या कर्ज, दिवस चांगले आहेत,' असं लोकांना सांगणारा तू होतास. बेर्ताकाकूने बेकरीच्या रांगेत तुला सुनावलं होतं ना, "बोगोमिर, पोरीला घरी बसवून गणित शिकवतोस, मग तुला स्वतःला कसं दिसलं नाही रे?" मी तुझा हात धरून उभी होते.

इथे ल्युब्लियानाच्या विद्यापीठात विकतचे आकडे घ्यायला विभागाकडे पैसे नाहीत. माझे मार्गदर्शक ह्रिबारसर म्हणाले, "फुकट मिळतंय ते वेच, पण पारखून." मग नाणेनिधी, जागतिक बँक, युरोपचं सांख्यिकी कार्यालय, सगळीकडे हिंडले. कुणी वर्षाचे आकडे देतं, कुणी तिमाहीचे. कुणी महागाई वजा करून, कुणी तशीच ठेवून. माझी खातरजमा काही संपेना. शेजारच्या टेबलावरचा तिलेन चिडवायचा, "अळंबी वेचायला आलीयस का गं? एकेक उलटून वास घेतेस." मी म्हणायचे, "विषारी निघालं तर आधी तू खाशील?"

शेवटी आलेख जमला. अर्थव्यवस्थेची घसरण वर्षभर आधीपासून स्पष्ट दिसत होती. सर खूश झाले, आणि मला बेर्ताकाकूचा प्रश्न आठवला.

गेल्या आठवड्यात तळटीपा तपासताना एकाच तिमाहीचे दोन वेगळे आकडे सापडले. वाटलं, मीच उतरवताना चुकले. तसं नव्हतं. कार्यालयं पहिला आकडा अपुऱ्या माहितीवर जाहीर करतात आणि पुढे कितीतरी वर्षं दुरुस्त करत राहतात. मी वेचले होते ते दुरुस्त झालेले, मागाहून शहाणे झालेले आकडे. त्या त्या महिन्यात जाहीर झालेले आकडेही एका ठिकाणी जसेच्या तसे जपलेले आहेत, तेही फुकट. ते घेऊन आलेख पुन्हा काढला. घसरण नाहीशी झाली. पतपेढीला टाळं लागेपर्यंत रेघ वरच जात होती.

तिलेन कुजबुजला, "गप्प बस ना. कोण तपासायला बसलंय?" मी सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "नेझा, मग तुझ्या प्रबंधात उरलं काय?" मी म्हटलं, "हेच." शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपतेय. मुदत वाढवून मिळेल की नाही, माहीत नाही.

पण तुला लिहायचं कारण ते नाही. त्या वर्षी वसंतात तुझ्यासमोर जे आकडे होते, ते आता माझ्यासमोर आहेत. तुझ्याहून कितीतरी जास्त शिकून, पुढे काय झालं ते माहीत असून मी ते पुन्हापुन्हा तपासले. त्यांत काहीच दिसत नाही, बाबा. तुझ्या खुर्चीत मी असते तर मीही लोकांना कर्ज घ्या म्हटलं असतं. मुलगी म्हणून तुझी बाजू घेतेय असं समजू नकोस. मी तर दिसायला हवं होतं, हेच सिद्ध करायला बसले होते.

तुझीच,
नेझा