दवंडीवरची सातवी

दर्यापूर तालुका,
ता. ११ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप दुर्गाबाई मावशीस गोवर्धनचा दंडवत. श्रावणाच्या ओलीत तुमचे गुडघे बोलू लागले असतील, तरी उपास बेताने करा. काकांचा खोकला थांबला का? अकोल्यात फ्ल्यू फार होता असं कळलं. आमच्याकडेही येऊन गेला, पण माणसं वाचली. मी खुशाल आहे (थोडा जाड झालोय, असं लोक म्हणतात).

साथीमुळे शाळा पाच आठवडे बंद होती. सातवीचा वर्ग आम्हाला यंदाच मिळालेला, आणि शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी बजावलं होतं की शाळा उघडल्यावर पोरं एकसारखी तयार दिसली नाहीत तर वर्ग दर्यापूरला हलवू. तो हलला की पंचफुलाची शाळा संपली. ही भगवंत मजुराची मुलगी (भगवंत मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला), वर्गातली एकुलती एक मुलगी आणि सगळ्यांत हुशार. पोरांना एकत्र बसवायला मनाई, म्हणून मी युक्ती काढली. देवमन कोतवालाने रोज सकाळी प्रत्येक चौकात दवंडी पिटून गणित सांगायचं, पोरांनी आपापल्या ओसरीवर पाटीवर सोडवायचं. सगळ्यांना एकच गणित, एकाच आवाजात, कमी नाही की जास्त नाही. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

पहिलं गणित होतं, अकरा एकरांत एकरी चार मण ज्वारी, तर एकूण किती? देवमनने ते बिनचूक सांगितलं आणि शेवटी सवयीने जोडलं, की जो सांगणार नाही त्याच्यावर तहसीलदारसाहेब कारवाई करतील. झालं! गावाला वाटलं, लढाईच्या काळातली ज्वारीची लेव्ही, सरकारची ती सक्तीची वसुली, परत आली. दुपारी पारावर मोठी माणसं जमली (मनाई फक्त पोरांना होती), एक आकडा ठरला, आणि संध्याकाळी तेरा पाट्या आल्या. तेराही पाट्यांवर बारा मण. एकसारखेपणा म्हणाल तर असा कुठल्या शाळेत सापडणार नाही. वर पुंजाजी पाटील स्वतः सांगून गेले, "गुरुजी, बारा मनाच्या वर एक दाना पिकत नाई, लिवून घ्या." चव्वेचाळीस फक्त चौदाव्या पाटीवर होतं, पंचफुलाच्या. तिच्या बापाला जमीनच नाही, तो लपवणार काय?

दुसऱ्या दिवसापासून मी चिमण्यांची गणितं घातली. चिमण्यांवर अजून तरी लेव्ही नाही. पोरं भराभर तयार झाली. शाळा उघडली, डिप्टीसाहेब आले, आणि माझ्या दुर्दैवाने त्यांनी विचारलं, सहा एकरांत एकरी तीन मण तूर, तर किती? खिडकीत पुंजाजी उभे. पोरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तेरा जण एका सुरात म्हणाले, पाच. तेवढ्यात पंचफुला उठली. "साह्यब, अठरा. यायलेबी येते, पन घरी तूर कमी सांगाची असते." साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, पुंजाजींना बाहेर पाठवून पुन्हा विचारलं, आणि सगळ्यांनी अठरा सांगितलं. वर्ग राहिला. मावशी, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बाकी सर्व ठीक. लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
गोवर्धन

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. पंचफुला एप्रिलमध्ये सातवी होईल. पुढचं हायस्कूल अकोल्याला, तुमच्या घरापासून चार पावलांवर. तिला तुमच्याकडे ठेवून घ्या.

पुन्हा ता. क. : तिच्या आईने, सुंदराबाईने, जेवणाखाण्याचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गुरुजी, थ्या बाईच्या घरी माह्या पोरीले माठातलं पानी आपल्या हातानं घेऊ देतीन ना?" मी तुम्हाला न विचारता हो म्हणून आलोय.